सलोख्याची किंमत कोण मोजतं?

सण तोंडावर आले किंवा गावात ताण वाढला, की शांतता समितीची बैठक भरते. दोन्हीकडची वजनदार माणसं येतात. चहा होतो, गळाभेट होते, फोटो निघतो. वस्त्यांमध्ये बायकांच्या संघटनेचं काम करताना अशा बऱ्याच बैठकांना मी मागच्या खुर्चीवर बसले आहे. या बैठकांची मी टिंगल करणार नाही. 1992-93 च्या मुंबईतल्या दंगलींत सुमारे 900 माणसं मारली गेली, असं श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं आहे. एक जीव जरी वाचणार असेल, तरी बैठक हवीच. माझा प्रश्न वेगळा आहे. हा सलोखा कोण कुणाशी करतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

आधी चांगलं उदाहरण घेऊ. यंत्रमागांची भिवंडी 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळली होती. 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं आणि त्या भागातले पोलीस नियमाने एकत्र बसू लागले. छोटे तंटे पेटण्याआधीच मिटू लागले. बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबई पेटली, पण तिच्या उंबऱ्यावरची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दंगल झाल्यावर धावाधाव करून विश्वास मिळत नाही, तो आधीच वर्षभर कमवावा लागतो, हे भिवंडीने दाखवलं.

बायकांना ही गोष्ट नवी नाही. पाण्याच्या नळावर, रेशनच्या रांगेत, बचत गटाच्या हिशोबाला आपण रोजच एकत्र असतो. 1972 साली मुंबईत महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, कारण तेल आणि धान्य सगळ्यांच्याच घरात महाग झालं होतं. मग शांततेचा विषय निघाला की याच बायका मागच्या खुर्चीवर का जातात?

मला वाटतं, त्याचं कारण असं, की दोन जमातींचा समझोता अनेकदा बायकांना बाजूला ठेवूनच होतो. फाळणीचं पाहा. भारत आणि पाकिस्तान यांचं कशावरही पटत नव्हतं, तेव्हा डिसेंबर 1947 मध्ये दोघांचं एका गोष्टीवर पटलं. पळवल्या गेलेल्या बायका शोधून ‘आपापल्या’ देशात परत न्यायच्या. भारताने 1949 मध्ये त्यासाठी कायदाही केला. अनेक बायकांना त्यामुळे सुटका मिळाली, हे खरं. पण ज्यांना परत जायचं नव्हतं, त्यांच्या नकाराला त्या कायद्यात जागा नव्हती. कोणती बाई कोणाची, हे दोन सरकारांनी ठरवलं.

शाहबानोचंही तेच. तलाक मिळालेल्या इंदूरच्या या वृद्ध बाईची महिना 179 रुपये 20 पैसे पोटगी सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये कायम केली. एकीकडून धर्म बुडाल्याची ओरड झाली. दुसरीकडून, ज्यांना मुसलमान बायकांचं कधी काही पडलं नव्हतं, त्यांना अचानक तिचा कळवळा आला. दबावाखाली तिने स्वतःच तो निकाल नाकारला. 1986 च्या फेब्रुवारीत अयोध्येचं कुलूप निघालं आणि त्याच महिन्यात मुस्लिम महिला विधेयक संसदेत आलं. एका हाताने यांना खूश, दुसऱ्या हाताने त्यांना. पोटगीचा साधा हक्क पुन्हा स्पष्ट शब्दांत मिळायला 2024 चा न्यायालयीन निकाल यावा लागला.

आजही मुलीने दुसऱ्या धर्मातला जोडीदार निवडला, की एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन्हीकडचे पुरुष किती चटकन एकमताला येतात! विशेष विवाह कायदा 1954 पासून आहे, पण त्यातली तीस दिवसांची नोटीसच अनेक जोडप्यांच्या जिवावर उठते. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने आंतरधर्मीय विवाहांकडे लक्ष ठेवायला समिती नेमली. सज्ञान मुलीचं लग्न हा शांततेचा प्रश्न कसा होतो?

म्हणून आपल्याला हवा असलेला सलोखा वेगळा आहे. ‘तुमच्या धर्मात बायकांचे किती हाल’ या वाक्याने तो सुरू होऊ शकत नाही. हिंदू बहिणींनी आठवावं, की हिंदू कोड बिल अडवलं गेलं आणि 1951 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागच्या कारणांत ते एक होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देशभर मिळायला 2005 उजाडलं. ख्रिश्चन बाईला 2001 पर्यंत नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करूनही घटस्फोट मिळत नव्हता. मुसलमान बायका 1966 मध्येच हमीद दलवाईंबरोबर मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. तेव्हा त्या सात जणी होत्या. प्रत्येकीने आधी आपल्या घरातला अन्याय मांडायचा आणि दुसरीच्या लढ्यात तिच्या मागे उभं राहायचं. तिच्या पुढे जायचं नाही, तिच्या नावाने बोलायचं नाही. असं झालं, तर मुसलमान बाईने तलाकविरुद्ध उठवलेला आवाज मुसलमानांविरुद्धचं हत्यार म्हणून कुणाला वापरता येणार नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या शांतता समितीकडे आपण काही ठोस मागण्या घेऊन जाऊ या. समितीत निम्म्या बायका असाव्यात, आणि त्या पुढाऱ्यांच्या घरातल्या नव्हे, वस्तीतल्या असाव्यात. बैठकीची वेळ स्वयंपाकाची आणि पाण्याची नसावी. छेडछाडीची अफवा पसरली, तर त्या मुलीला आधी बायकांनी भेटावं. तिचं म्हणणं कळेपर्यंत कुणी तिच्या अब्रूच्या नावाने मोर्चा काढू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मारहाणीची किंवा बलात्काराची तक्रार ‘वातावरण बिघडेल’ म्हणून कुणी दाबू नये. आरोपी कोणत्याही धर्माचा असो, तक्रार करणाऱ्या बाईबरोबर दोन्ही वस्त्यांतल्या बायकांनी पोलीस ठाण्यात जावं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. आपल्याच गल्लीतल्या मुलाविरुद्ध शेजारच्या मोहल्ल्यातल्या बाईबरोबर जायचं, म्हणजे घरात बोलणी खायची. पण त्या दिवशी दोन वस्त्यांमध्ये जो विश्वास जन्माला येतो, तो ईदच्या शिरखुर्म्याने आणि दिवाळीच्या फराळाने येत नाही. फराळ जरूर द्यावा. पण बाईला गप्प बसवून राखलेली शांतता ही फक्त पुरुषांमधली तहाची बोलणी असते, आणि असे तह मोडायला वेळ लागत नाही.