'टेन्शन घेऊ नको' म्हणजे नेमकं काय करू?

गेल्या वर्षीची आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉलची सेमीफायनल होस्टेलमधल्या बहुतेकांना आठवत असेल. पाचवा सेट, स्कोअर १३-१४, सर्व्हिस आपली. चेंडू आपल्या सेटरच्या हातात. कोर्टाबाहेरून आम्ही वीस-पंचवीस जण बोंबलत होतो, "अरे टेन्शन घेऊ नको रे! फक्त पलीकडे टाक!" त्यानं मारली आणि चेंडू गेला नेटमध्ये. १३-१५. मॅच संपली.

पुढे जे झालं ते मॅचपेक्षा वाईट होतं. महिनाभर तो मेसमध्ये ताट घेऊन आला की कोणीतरी हळूच "नेट... नेट..." म्हणायचं आणि सगळं टेबल हसायचं. मीही त्या टेबलावर होतो, हे आधीच कबूल करतो. यंदा सिलेक्शनला तो आलाच नाही. विचारलं तर म्हणाला, "सबमिशन आहेत रे." सबमिशन कोणाला नसतात?

माझं म्हणणं साधं आहे. 'टेन्शन घेऊ नको' हा सल्ला कोणालाच पाळता येत नाही, कारण त्यात करायचं काय ते सांगितलेलंच नसतं. त्या पोरानं रोज संध्याकाळी शंभर-शंभर सर्व्हिस मारल्या होत्या. पण त्या सगळ्या रिकाम्या ग्राउंडवर, निवांत. १३-१४ला सर्व्हिस मारायची प्रॅक्टिस आपण त्याला कधी दिली? सिव्हिलवाल्यांना विचारा, १५० मिलिमीटरचा काँक्रीटचा क्यूब २८ दिवसांनी मशिनमध्ये घालून फुटेपर्यंत लोड देतात. नुसतं बोटानं वाजवून 'मजबूत आहे' असं कोणी लिहून देत नाही. खेळाडूला मात्र आपण विनालोड तपासतो आणि थेट सेमीफायनलखाली उभा करतो!

ऐन वेळी बिघडतं काय? रोज आपोआप होणारी हालचाल आपण मुद्दाम लक्ष देऊन करायला जातो. जिना धडाधड उतरताना मध्येच 'आता कुठला पाय टाकायचा' असा विचार करून बघा, हमखास अडखळाल. (पाय मुरगळल्यास लेखक जबाबदार नाही.) सर्व्हिसचंही तेच. मनगटाकडे लक्ष, टॉसकडे लक्ष, स्कोअरकडे लक्ष, आणि 'हुकली तर पोरं काय म्हणतील' याच्याकडे तर सगळ्यात जास्त. श्वास अडकतो, खांदे आवळले जातात आणि रोजचा हात त्या दिवशी परका वाटतो.

हे मोठमोठ्यांचंही होतं. कोल्हापूर जिल्ह्यातला नेमबाज स्वप्निल कुसाळे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्ये बराच वेळ पुढे होता. एक शॉट ७.६ चा पडला आणि तो चौथा आला. त्यानंतर १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. पहिल्या टप्प्यानंतर तो सहावा होता, दुसऱ्यानंतर पाचवा. शेवटी ४५१.४ गुणांवर तिसरा! खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं, त्यानंतर थेट ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. मॅचनंतर तो काय म्हणाला? पोटात कालवाकालव होत होती, पण स्कोअरबोर्डकडे बघितलं नाही, श्वास ताब्यात ठेवला. म्हणजे टेन्शन त्यालाही होतं. ते आल्यावर करायचं काय, हे ठरलेलं होतं.

दुसरं उदाहरण मायकेल फेल्प्सचं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायला त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. शेवटी तर भिंत दिसेना. पठ्ठ्यानं हात मोजत शर्यत पुरी केली आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याचे कोच बॉब बोमन त्याच्याकडून वर्षानुवर्षं डोळे मिटून अख्खी शर्यत मनात पोहून घ्यायचे. नुसती जिंकलेली नाही, बिघडलेलीसुद्धा! त्यामुळे गॉगल भरल्यावर काय करायचं याचा शोध ऐन पाण्यात लावावा लागला नाही.

आता आपल्याला काय करता येईल? व्हॉलीबॉलमध्ये रेफरीच्या शिट्टीनंतर सर्व्हिस मारायला ८ सेकंद मिळतात. आपली पोरं दोन सेकंदात मारून मोकळी होतात, जणू चेंडू हाताला चटके देतोय. त्या ८ सेकंदांत प्रत्येकाचा एक ठरलेला क्रम हवा. चेंडू तीनदा टप्पा, एक श्वास आत, त्याच्या दुप्पट वेळ बाहेर, पलीकडच्या कोर्टातली एक जागा बघायची, मारायची. स्कोअर २-१ असो की १३-१४, क्रम तोच. रात्री झोपताना पाच मिनिटं तीच सर्व्हिस मनात मारायची, चुकलेली आणि त्यानंतर सावरलेलीही. आणि आठवड्यातून एकदा प्रॅक्टिसच्या शेवटी, पाय भरून आलेले असताना, सगळ्या होस्टेलसमोर प्रत्येकानं एकच सर्व्हिस मारायची. हुकेल त्याच्याकडून टीमला वडापाव. लोड टेस्ट म्हणतात ती हीच!

कोणी म्हणेल, या सगळ्या गप्पा आहेत, सर्व्हिस पक्की असली की झालं. अर्धं बरोबर आहे. कच्च्या सर्व्हिसला श्वास वाचवत नाही. पण त्याची सर्व्हिस पक्की होती, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कोणाची झोप, जेवण उडालं असेल, खोलीबाहेर पडावंसं वाटत नसेल, तर तिथे दीर्घ श्वासाचे सल्ले देत बसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, सोबत जा.

जिमखान्याच्या सरांना विनंती आहे, रोजच्या प्रॅक्टिसमधली शेवटची पंधरा मिनिटं या कामाला द्या. पैसा लागत नाही, नवीन नेटही लागत नाही. (तसं ते फाटलंय, पण तो वेगळा विषय!) आणि आपण प्रेक्षकांनी ओरडायचंच असेल तर "टेन्शन घेऊ नको"ऐवजी "तुझा वेळ घे" एवढं ओरडूया. व्हायवाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मित्रालाही तेच सांगता येईल.

सेटर साहेब, तुम्ही हे वाचत असाल तर मेसमधल्या त्या हसण्याबद्दल माझ्याकडून सॉरी. टीममध्ये तुमच्या जागी अजून कोणी पक्का झालेला नाही. पहिला वडापाव माझ्याकडून. बघा, जमतंय का!