‘छेडछाड’ म्हणणं आजपासून बंद करा

चांदूर रेल्वेच्या भावांनो, बहिणींनो,

जून लागला. खेड्यापाड्यांतल्या पोरी पुन्हा एसटीनं कॉलेजला येतील आणि स्टँडवर, पानठेल्यापाशी ते सगळं पुन्हा सुरू होईल, ज्याला आपण ‘छेडछाड’ म्हणतो. आमची विनंती एवढीच की, हा शब्द आजच टाकून द्या.

फार लाडका शब्द आहे हो हा. सतारीची तारही छेडतातच. वहिनी दिराची थट्टा करते, भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्यांची यथेच्छ टिंगल होते, मांडवात नवरदेवाचे जोडे पळवतात. तिथं चिडवणारा आपलाच असतो, आणि उद्या त्याचं उट्टं काढता येतं. पण बसच्या गर्दीत अंगाला हात लावणारा, रोज गल्लीच्या तोंडापर्यंत मागं मागं गाडी आणणारा त्या पोरीचा कोण लागतो? तरी आपण हसून म्हणतो, ‘पोट्टे हायत जी, मजाक करतात.’

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘छेडछाड’ नावाचा गुन्हाच नाही. कलम ७४ विनयभंगाचं, ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं. पाठलागाला पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर ५ वर्षांपर्यंत. अश्लील शेरे आणि हावभावांसाठी ७९ आहे. मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल, तर पॉक्सो कायदाही लागतो. तक्रार देताना, बातमी लिहिताना, ओट्यावर बोलताना हेच शब्द वापरा.

३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागं लागलेल्या माणसानं भररस्त्यात पेटवलं. आठवड्यानं ती गेली. त्याच महिन्यात आपल्या गावच्या महिला महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींना प्रेमविवाह न करण्याची शपथ देण्यात आली आणि चांदूर रेल्वेचं नाव देशभर झालं. मागं लागला पुरुष, शपथ घेतली पोरींनी! घरोघरी हेच चालतं. पोरगी सांगते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचंच कॉलेज बंद होतं. म्हणून ती सांगतच नाही. आईबाबांनो, तिला घरी बसवू नका. तिच्यासोबत ठाण्यात जा. हद्द कोणतीही असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. तातडीला ११२ आहे, रेल्वेत १३९.

कंडक्टरभाऊ, ३० नोव्हेंबर २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं आहे की, बसमध्ये बाईनं तक्रार केली तर बस जवळच्या पोलीस ठाण्यात न्यायची. प्रवासी कुरकुरतील, त्यांना उशीर होईल. होऊ द्या.

आणि पानठेलेवाले भाऊ, तुमच्या बाकावर रोज कोण बसतं, कोणत्या बसच्या वेळी बसतं, हे तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. त्याला नावानं हाक मारा आणि उठवा.