पराक्रम आणि विनोद

पराक्रमी पुरुषाचे नाव घेताच रुंद छाती, करारी मुद्रा आणि धारदार नजर डोळ्यांपुढे उभी राहते. अशा पुरुषाला पाहून हसणे म्हणजे त्याचा उपमर्द करणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. ज्या वीरावर लोक मनापासून प्रेम करतात, त्याला पाहून ते मोकळेपणाने हसूही शकतात.

अमेरिकेतील चित्रकथांचा नायक सुपरमॅन हे याचे उत्तम उदाहरण होय. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन शाळासोबत्यांनी त्याची कल्पना रचली आणि १९३८ साली तो वाचकांपुढे आला. परग्रहावरून आलेला हा वीर मोटारगाडी लीलया उचलतो. एरवी मात्र तो क्लार्क केंट नावाचा भिडस्त, चष्मा लावणारा वार्ताहर असतो. ज्या लोइस लेनला तो संकटातून सोडवतो, तीच त्याला भित्रा समजते! वाचकाला खरे गुपित ठाऊक असल्यामुळे तो गालातल्या गालात हसतो.

हे सोंग त्या मित्रांना सुचले तरी कसे? सुपरमॅनचा रुबाब त्यांनी साहसी मूकपट गाजवणाऱ्या डग्लस फेअरबँक्सपासून घेतला. क्लार्कचा चष्मा आणि बुजरेपणा मात्र हॅरॉल्ड लॉइड या विनोदी नटाची आठवण ठेवून रंगवला. अशा रीतीने एकाच देहात वीर आणि विदूषक सुखाने नांदू लागले.

लॉइडला केवळ विदूषक म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९२३ सालच्या ‘सेफ्टी लास्ट’ या मूकपटात तो खेड्यातून शहरात आलेला, दुकानात नोकरी करणारा साधा तरुण झाला आहे. उंच इमारत चढून दाखवण्याचे काम वास्तविक त्याच्या मित्राचे. परंतु पोलीस मित्राच्या पाठीस लागतो आणि ते या बिचाऱ्याच्या गळ्यात पडते. वाटेत कबुतरे अंगावर येतात, उंदीर विजारीत शिरतो आणि एकदा तर तो भिंतीवरील मोठ्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळत राहतो. प्रेक्षक पोट धरून हसतात आणि त्याच क्षणी श्वासही रोखून धरतात.

त्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की त्या काट्याला धरणारा उजवा हात अधू होता. १९१९ साली छायाचित्र काढून घेताना, खोटा समजून हाती धरलेला बाँब फुटला आणि लॉइडने उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गमावली. पुढे तो हातमोज्याने ते व्यंग झाकून काम करू लागला. इमारतीवरील काही दूरची दृश्ये दुसऱ्यांनी केली होती व त्याच्या खाली संरक्षणाची सोयही होती, हे खरे. तथापि अशा हाताने चढताना लोकांना हसवत राहणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

हसण्याचे दोन प्रकार असतात. एका हसण्याने मनुष्य दुसऱ्याला खाली ओढतो. दुसऱ्या हसण्याने त्याला जवळ घेतो. १९६६ सालच्या ‘बॅटमॅन’ चित्रपटात ॲडम वेस्टचा बॅटमॅन पेटता बाँब हाती घेऊन तो फेकण्यासाठी धक्क्यावर धावत सुटतो. पण जावे तिकडे कोणी ना कोणी आडवे येते! कुठे जोगिणी, कुठे बाबागाडी ढकलणारी आई, तर पाण्यात बदकांची पिले. त्याची गंभीर मुद्रा आणि चाललेली तारांबळ पाहून हसू आवरत नाही. परंतु त्या तारांबळीचे कारण काय? बदकाच्या पिलालाही इजा होऊ नये, ही त्याची तळमळ! हसता हसताच प्रेक्षकाला त्या वीराचे अंतःकरण दिसते.

म्हणून वर्गातील एखादा मुलगा चष्मा सावरीत अडखळत बोलू लागला, तर त्याची टर उडवणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. बाह्य रूपावरून कोणाचे बळ कळत नाही. आणि त्या मुलानेही ध्यानात ठेवावे, की स्वतःच्या फजितीवर हसता येणे हाही धैर्याचाच एक प्रकार आहे. बळाने मनुष्य मोठा होतो. विनोदाने तो आपलासा होतो.