अडतीसचा पाढा

एका ग्लुकोजपासून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे किती रेणू मिळतात? ३८, असं उत्तर विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्पिढ्यांनी घोकलं. पेशीचा हिशेब मात्र इतका चोख नसतो. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातून प्रोटॉन झिरपतात, काही इतर कामांत खर्ची पडतात. आजचा अंदाज ३० ते ३२चा आहे.

घोकंपट्टीत हरवते ती खरी गोष्ट. अन्नातले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातात, शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी बनतं. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्यापलीकडे उपसले जातात. धरणात पाणी तुंबावं तसे तुंबतात. परतताना ते एटीपी घडवणारं यंत्र फिरवतात.

१९६१ साली जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी प्रोटॉनच्या या साठ्याची कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक जाणकारांनी नाकं मुरडली. त्यांना हवं होतं ऊर्जा वाहून नेणारं मधलं रसायन. ते कधी सापडलंच नाही! प्रकृती ढासळल्यानं मिचेल एडिंबरा सोडून कॉर्नवॉलला गेले, एक जुना वाडा दुरुस्त केला आणि सहकारी जेनिफर मॉयल यांच्यासोबत तिथेच प्रयोगशाळा थाटली. १९७८चं नोबेल या वाड्यात आलं.

१९९७ मध्ये जपानी संशोधकांनी एटीपी घडवणाऱ्या त्या यंत्राच्या दांड्याला चमकणारा तंतू चिकटवला आणि एटीपी घालून ते उलटं चालवलं. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू गरगर फिरू लागला. वर्गात आकडा घोकून घेण्याआधी ते दृश्य दाखवायला हवं. दोन मिनिटंही लागत नाहीत.