चिंध्यांची समस्यापूर्ति

समस्यापूर्ति हा शब्द आजच्या तरुण वाचकांच्या कानांवरून क्वचितच गेला असेल. श्लोकाचा एखादा चरण, तोहि शक्य तितका विचित्र, कवीपुढें टाकावयाचा. आणि कवीनें उरलेले तीन चरण रचून त्या वेडगळ चरणाला अर्थ आणून द्यावयाचा, असा हा राजसभेंतील खेळ होता. बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधां’त अशा प्रसंगांच्या कथा पुष्कळ आहेत. त्या इतिहास म्हणून वाचावयाच्या नसतात, कारण निरनिराळ्या शतकांतील कवि तेथें एकाच दरबारांत मांडीला मांडी लावून बसलेले आढळतात. परंतु खेळाची गोडी त्यांत उतरली आहे खरी. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत ‘काव्यसमस्यापूरण’ ही एक कला आहे, आणि तिच्या थोडें आधीं, त्याच यादींत, ‘सूचीवानकर्म’ म्हणजे सुईचें व विणण्याचें काम हीहि एक कला आहे. या दोन कलांची गांठ पडली तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यांत कधीं आला नव्हता. तो आमच्या धाकट्या सुनेनें आणला.

तिनें मला एका पुस्तकाची हकीकत सांगितली. २००७ सालीं निरनिराळ्या देशांतील बारा स्त्रियांनीं असें ठरविलें कीं, दर दोन महिन्यांनीं एकीनें विषय द्यावा, आणि बाराहि जणींनीं त्या विषयावर बारा इंच लांब व बारा इंच रुंद अशी एक गोधडी शिवावी. पहिला विषय डँडेलायन या पिवळ्या रानफुलाचा होता. पुढें पाणी, निवारा, गणित असेहि विषय आले. २०११ सालीं ‘ट्वेल्व्ह बाय ट्वेल्व्ह’ या नांवानें त्यांचें पुस्तक निघालें. त्याच्याहि आधीं, २००२ पासून, अमेरिकेंत कागदाच्या पानाएवढी, म्हणजे साडेआठ इंच रुंद व अकरा इंच उंच, अशी एक गोधडी दर महिन्यास शिवण्याचा उपक्रम पुष्कळ जणींनीं चालविला होता. रोजनिशीचें पान लिहावें तशी. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानें १९७१ सालीं जुन्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या, तेव्हांपासून तिकडे गोधडी पलंगावरून भिंतीवर गेली. १९७९ पासून तर ओहायो प्रांतांतील अथेन्स या गांवीं केवळ अशा कला-गोधड्यांचें प्रदर्शन भरूं लागलें. आपल्याकडेहि २०१९ सालीं चेन्नई येथें गोधड्यांचा मोठा उत्सव झाला, आणि महाराष्ट्रांतील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनीं लिहिलेलें सुंदर सचित्र पुस्तक एका फ्रेंच प्रकाशकानें छापलें आहे.

हें सर्व ऐकून माझें पहिलें म्हणणें असें पडलें कीं, जी पांघरतां येत नाहीं ती गोधडी कसली? आमच्या अक्का वाती वळत शेजारींच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बारा इंचांत मांजरसुद्धां निजायचें नाहीं.”

त्या रात्रीं मात्र मला विनयपिटकांतील एक गोष्ट आठवली. भगवान् बुद्ध मगध देशांतून चालले असतां त्यांना भाताचीं शेतें दिसलीं. तुकडे तुकडे पडलेलीं, मध्यें बांध, बांधांना छेदून जाणारे दुसरे बांध. त्यांनीं आनंदाला विचारलें कीं, भिक्षूंचीं चीवरें अशीं करतां येतील का? आनंदानें तुकडे कापून, जोडून, शेतासारखें चीवर करून दाखविलें, आणि भिक्षूंच्या वस्त्राची रीति तेव्हांपासून ठरली. विषय देणारे बुद्ध आणि समस्या पुरी करणारा आनंद! चिंध्या जोडण्याच्या कामांत कांहीं बोलतां येतें, हें अमेरिकेनें आपणांस शिकविलें असें नव्हे, एवढें मला पटलें आणि माझा विरोध मावळला. गोधडीला संस्कृतांत कंथा म्हणतात. (पाणिनीच्या सूत्रांतहि कंथा शब्द येतो, पण तेथें तो उशीनर देशांतील गांवांच्या नांवांचा शेवट म्हणून, पांघरुणाशीं त्याचा संबंध नाहीं.) बंगालमध्यें त्याच कंथेवर बायका आपल्या संसाराचीं चित्रें भरतात. आमच्या वऱ्हाडांत गाडगेबाबा अंगावरच्या ठिगळांमुळें लोकांत गोधडे महाराज म्हणून ओळखले जात, हें वाचकांना सांगावयास नकोच.

शिकविण्याचें काम अक्कांकडे आलें. गोधडी म्हणजे ठिगळांची चादर, अशी धाकट्या मंडळींची समजूत असते, ती त्यांनीं पहिल्याच दिवशीं मोडली. खालीं धड कापडाचें अस्तर, मध्यें जुन्या पातळांच्या व धोतरांच्या घड्या, आणि वर दिसावयाचे तुकडे. या तिहींना धावदोऱ्यानें एकजीव करणें हें खरें काम. मधले थर कोणाला दिसत नाहींत, पण ऊब त्यांचीच. नवें कापड अक्का घेऊं देत नसत. नव्या कापडाला खळ असते, सुई अडते आणि धुतल्यावर तें आकसतें. वापरून वापरून विरलेलें लुगडें हातांत लोण्यासारखें येतें. टांके कडेपासून घालावयाचे आणि फेऱ्या घेत घेत मध्याकडे यावयाचें. कर्नाटकांत हल्याळ-मुंडगोडकडील सिद्दी लोकांच्या बायकाहि अशाच कडेकडून आंत शिवीत येतात, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या रंगीत कापडाचें एकेक ‘फूल’ लावल्याशिवाय त्यांची गोधडी पुरी होत नाहीं, असें धाकट्या सुनेनें कोठें वाचलेलें सांगितलें. तें अक्कांना आवडलें. “कोपरा उघडा ठेवूं नये,” असें त्या म्हणाल्या.

वहिनी, आमचें कुटुंब, दोघी सुना आणि दोघी नाती अशा सहा जणी तयार झाल्या. विषय देण्याचा मान, जन्मभर मुलांना निबंधाचे विषय दिलेला म्हणून, माझ्याकडे आला. शिवाय प्रत्येक गोधडीखालीं एका चिठीवर एक ओळ अभिप्राय लिहावयाचा, असें मीं आपण होऊनच ठरविलें. शाळा सुटली तरी तांबडी शाई सुटत नाहीं.

पहिला विषय मीं ‘सदाचार’ असा दिला. आषाढाच्या अखेरीस सहा गोधड्या समोर आल्या, आणि त्यांतल्या पांचांवर समई होती! सहावीवर तुळशीवृंदावन. मला माझे निबंधाचे गठ्ठे आठवले. ‘परोपकार’ या विषयावर साठ मुलांनीं साठ झाडें व साठ नद्या लिहाव्या, तसाच हा प्रकार. विषय जेवढा मोठा तेवढी मनुष्याची नजर आखूड होते. डँडेलायन हें एक क्षुद्र फूल त्या परकीय बायकांनीं प्रथम कां निवडलें असेल, तें मला आतां कळलें. पुढच्या वेळीं मीं ‘बैल’ दिला. पोळा तोंडावर आलेला होता. धाकट्या नातीनें बैल काढलाच नाहीं. तिनें नुसती झूल केली, आणि तीहि तान्ह्या पोळ्याच्या लांकडी बैलाला बसेल अशी, मध्यें पाठीच्या जागीं घडी मोडलेली. बैल त्या घडींत होता. मीं पूर्ण गुण दिले.

कार्तिकाचा विषय ‘धुरा’. पश्चिमेकडील वाचकांसाठीं सांगतों कीं, शेताच्या बांधाला आम्ही वैदर्भीय धुरा म्हणतों. धुऱ्यावरून भाऊबंदकी होते, कज्जे होतात आणि धुऱ्यावरच्या बोरी कोणाच्या हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालतो. थोरल्या सुनेनें दोन काळे तुकडे जोडले, एकावर पऱ्हाटी, दुसऱ्यावर तूर, आणि मधला धुरा म्हणून माझ्या जुन्या धोतराचा कांठ लावला. वहिनींनीं तो पाहिला आणि त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या. आमच्या वांटणीचा काळ त्यांना आठवला असावा. बारा इंचांच्या कापडाला एवढें बोलतां येतें, याची मला त्या दिवशीं थोडी भीति वाटली. पण ती मीं मनावर घेतली नाहीं.

कारण पुढचा विषय मीं दिला ‘पांढरें’.

आमच्या गांवाच्या नांवांतच पांढरें आहे. नागपूर-हैदराबाद रस्त्यानें मार्गशीर्षांत-पौषांत कोणी केळापूर तालुक्यांतून गेला तर दुतर्फा काळ्या जमिनीवर फुटलेला कापूस त्याला दिसेल. मला तेवढेंच दिसत होतें. संक्रांतीच्या दोन दिवस आधीं गोधड्या मांडल्या; त्या सहांच्या सात झाल्या होत्या. सातवी अक्कांची. आजवर त्यांनीं शिकविलें, उसविलें, रागें भरल्या. स्वतः मात्र कधीं शिवली नव्हती.

बाकीच्यांचें थोडक्यांत सांगतों. बोंड होतें, बगळे होते, थोरल्या नातीचें दह्याचें विरजण होतें (कवडी फार छान साधली होती), आणि कापसाच्या गाड्यांची रांग होती. अक्कांची गोधडी म्हणजे पांढऱ्या पातळाचा एक चौकोन, पांढऱ्या दोऱ्याचे टांके, कडेपासून मध्यापर्यंत फेऱ्यामागून फेऱ्या. इतक्या जवळ जवळ, कीं त्या पाहतां पाहतां डोळे दुखावे. चित्र कांहीं नाहीं. चारी कोपऱ्यांना फुलें होतीं, तींहि पांढरीं. मीं चष्मा सारखा केला आणि सर्वांसमक्ष चिठी वाचून दाखविली: “टांके उत्तम. विषय मात्र हातीं लागला नाहीं.”

अक्का म्हणाल्या, “नसेल बाबा,” आणि तीळ भाजावयास उठून गेल्या.

दुपारीं धाकट्या नातीनें ती गोधडी खिडकीशीं धरली आणि मला हांक मारली. विरलेल्या पांढऱ्यातून उजेड येत होता, आणि मधल्या थरांत, बरोबर मध्यावर, हाताच्या तळव्याएवढा एक हिरवा तुकडा दिसत होता. नीट पाहिल्यावर त्यावरची जरीची रेघहि दिसली. अक्कांचें लग्न १९६९ सालीं झालें आणि १९७१ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्या आमच्या घरीं परत आल्या. मी त्या वेळीं तेरा वर्षांचा होतों. त्यांच्या लग्नांतल्या हिरव्या शालूचें पुढें काय झालें, हें विचारावें असें चौपन्नांहून अधिक वर्षांत माझ्या मनांत एकदांहि आलें नाहीं. आणि ‘पांढरें’ हा शब्द उच्चारतांना, त्याच घरांत त्या शब्दांत आयुष्य काढलेलें मनुष्य वाती वळीत बसलें आहे, हेंहि आलें नाहीं. कालिदासाच्या एकेका शब्दाच्या तीन तीन छटा मीं मुलांना फळ्यावर लिहून दाखविल्या आहेत.

मीं ती चिठी काढून घेतली. दुसरी काय लिहावी हें सुचलें नाहीं. ती जागा कोरीच आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या गोधड्या दिवाणखान्यांत लावाव्या असें ठरलें होतें. वहिनी, अगदीं सद्भावानें, म्हणाल्या कीं सणाच्या दिवशीं अक्कांची तेवढी नको, बायका कांहीं तरी बोलतील. बगळ्यांना आणि दह्याला कोणाची हरकत नव्हती, हें येथें नमूद करतों. थोरल्या सुनेनें हेरवाडचें नांव काढलें. कोल्हापूर जिल्ह्यांतील त्या गांवच्या ग्रामसभेनें २०२२ च्या मे महिन्यांत कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें इत्यादि प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें सर्व ग्रामपंचायतींनीं तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें, हें वाचकांना ठाऊक असेलच. वहिनी म्हणाल्या, “ग्रामसभेला ठराव करायला काय लागतें? उद्यां दारांत बायका येतील त्यांच्याशीं मला बोलायचें आहे.” हें बोलणें अगदींच निराधार होतें असें मी म्हणणार नाहीं; शेजारधर्म पाळावयाचा असतो तो घरांतल्या बायकांना, माझ्यासारख्यानें ओटीवर बसून सुधारणेचे दाखले देणें सोपें. तरीहि मला बोलावयास हवें होतें, आणि मीं बोललों नाहीं. धाकटी सून बोललीच नाहीं. तिनें खुर्ची ओढली आणि ती गोधडी मधोमध लावली. खिडकीसमोर.

बायका आल्या. एकीनें विचारलें, ही कोणाची? नातीनें सांगितलें. मग एक दोघी जवळ गेल्या, टांके पाहिले, आणि त्यांतल्या एका वयस्क बाईनें कापड किंचित् उचलून मागून उजेड येऊं दिला. ती तशीच थोडा वेळ उभी होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. नंतर वाण घेऊन त्या जातां जातां स्वयंपाकघरांत गेल्या आणि अक्कांना तिळगूळ देऊन, वांकून नमस्कार करून गेल्या. हळदकुंकू कोणी लावलें नाहीं, तें लावण्याचा प्रसंगहि आला नाहीं. “बाहेर चला,” असें सुनांनीं दोनदां म्हटलें होतें. अक्का म्हणाल्या, “माझी गोधडी बसली आहे ना तिथें, मग मी कशाला?” त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना ओढून आणणें हें कोणाला बरें वाटलें नाहीं. सुना अद्याप या गोष्टीवर आपसांत वाद घालतात.

रात्रीं भांडींकुंडीं आवरल्यावर अक्का माझ्या खोलीच्या दारांत आल्या. “पुढचा विषय मी देतें,” त्या म्हणाल्या.

“कोणता?”

“उंबरठा. आणि तूंहि शिवायची. चिठ्या लिहिणें पुरे झालें.”

फाल्गुनाच्या अखेरपर्यंत मुदत आहे. अस्तर झालें. मधला थर म्हणून मीं माझा शाळेंतला जुना उपरणा घेतला आहे; वर काय यावें तें अजून ठरत नाहीं. माझे टांके पाऊण इंच लांब पडतात, आणि अक्का रोज संध्याकाळीं ते उसवितात. सुईंत दोरा धाकटी नात ओवून देते.