नाव सॉकर असो, तिकीट परवडू दे

अमेरिकेत फुटबॉलला ‘सॉकर’ म्हणतात, याचा आपल्यापैकी काहींना फार राग. पण हा शब्द मुळात इंग्लंडचाच. ‘असोसिएशन’ या शब्दाची मोडतोड करून तिथल्या विद्यार्थ्यांनी तो रुळवला. आपल्या हुतुतूची कबड्डी झाली, तेलुगू मुलखात तोच चेडुगुडू. म्हणून कुणाचा दम कमी झाला? आम्हां सीमाभागातल्या लोकांना नावांचे वाद नवे नाहीत. २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले, २०१९ साली हैदराबाद कर्नाटकाचे कल्याण कर्नाटक. (पाट्या रंगवणाऱ्यांचे तेवढे कल्याण झाले!)

आमचे भांडण तिकिटाशी आहे. १९९४ साली अमेरिकेत विश्वचषक झाला, तेव्हा पस्तीस लाखांवर प्रेक्षक मैदानात आले. २०२६ च्या स्पर्धेला मात्र फिफाने मागणीप्रमाणे दर चढवण्याची पद्धत लावली. अंतिम सामन्याच्या तिकिटाचा वरचा दर पहिल्याच जाहिरातीत ६,७३० डॉलर, म्हणजे साडेपाच लाखांच्या वर रुपये! एवढ्यात आमच्याकडे लेकीचे लग्न उरकते.

खेळ कुणाच्या जोरावर जगतो, ते कोल्हापुरात बघावे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. त्याच जिल्ह्याचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

तेव्हा मत मागायला दारात येणाऱ्यांकडे आम्ही नवे नाव मागणार नाही. आळंद तालुक्यातल्या पोरांसाठी एक सपाट, बिनतिकिटाचे मैदान मागू.