पंप उतरविण्यापूर्वी विहिरीत डोकवावे

चैत्र लागला की विहिरीवरील विद्युत पंपांविषयीच्या तक्रारी वाढू लागतात. उसाला किंवा उन्हाळी भुईमुगाला पाण्याची निकड असते आणि नेमक्या त्याच वेळी पंपाची धार बारीक होते अथवा तुटते. मग पंप उतरवून तालुक्याच्या गावी नेला जातो. तेथे दोष सापडला नाही, तर पाच अश्वशक्तीची मोटर काढून साडेसात अश्वशक्तीची बसविण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला बहुधा चुकीचा आणि शेतकऱ्यास विनाकारण कर्जात लोटणारा असतो.

काठावरचा सेंट्रिफ्यूगल पंप पाणी ओढतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः पंप नळीतील दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावरील हवेचा दाब ते पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलतो. ६०० मीटर उंचीच्या पठारावर सुमारे ९.६ मीटरच. नळीतील घर्षण व फूटव्हॉल्व्हचा अडथळा जमेस धरता, व्यवहारात ६ मीटरांपेक्षा, म्हणजे वीस फुटांपेक्षा, अधिक खोलीवर विसंबू नये. मोटर कितीही मोठी आणली तरी हवेचा दाब वाढत नाही. उलट मोठा पंप त्याच नळीतून अधिक पाणी नेऊ पाहतो; त्यामुळे घर्षण वाढते आणि धार अधिकच लवकर तुटते. (पाण्यात बुडवून ठेवण्याच्या पंपांना ही मर्यादा नाही, त्यांच्या अडचणी निराळ्या.)

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने तक्रार येताच पान्हा न मागता दोरी व दगड मागावा. पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर मोजावे. मात्र पंप अर्धा तास चालल्यानंतर मोजावे. पहाटे भरलेली विहीर पाहून केलेले मोजमाप फसवे असते. पहाटे धार चांगली, दोन तासांनी पंपात खडे फिरल्यासारखा आवाज, मग धार बंद आणि पाणी चढल्यावर पुन्हा सुरळीत, असा क्रम असेल तर पंप निर्दोष समजावा. तो विहिरीत खाली ओट्यावर घेणे हाच उपाय होय.

अंतर वीस फुटांच्या आत असूनही पाणी येत नसेल, तर हवा कोठून शिरते ते पाहावे. पंप भरून ठेवल्यावर पाणी खाली उतरत असेल, तर फूटव्हॉल्व्हच्या झडपेत काडीकचरा अडकला आहे किंवा तिचे चामडे झिजले आहे. पंप चालू असता चोषण नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. फेस आत खेचला जाईल तेथे गळती आहे. नळीला पंपाकडे सतत चढ असावा. मध्येच उंचवटा असल्यास तेथे हवा कोंडते. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हा दोष नव्हे. ते थेंब बंद करण्यासाठी नट आवळून आवळून दांडा खरवडल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात.

विजेच्या तारांची दुरुस्ती झाल्यानंतर धार एकाएकी मंदावली असेल, तर पंप उलटा फिरत नाही ना, हे आवरणावरील बाणाशी ताडून पाहावे. उलटा फिरणारा पंपही थोडे पाणी देतो, त्यामुळे हा दोष ध्यानात येत नाही. प्रवाह पूर्ण बंद करून जाणत्या तारतंत्र्याकडून तीनपैकी दोन तारांची अदलाबदल करून घ्यावी.

एवढे पाहूनही गुण आला नाही, तरच पंप उघडावा आणि पंख्यात अडकलेला कचरा किंवा झीज तपासावी. ओट्यावर घेतलेला पंप मृगापूर्वी वर काढून घ्यावा.